कलेक्टरणीच्या गळ्यातलं ऊन

"आता जे सांगतो, त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसनार नाही," असं आधी म्हणायचं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसायचं, आणि ऐकणाऱ्यांच्या भुवया पुरेशा वर चढल्या की मगच पुढचं बोलायचं, ही दिगांबरराव भोपळ्यांची जुनी रीत होती.

"परवा भर दुपारी मी आंगनात उभा. पाठ उघडी, डोक्यावर ओलं फडकं. तं कुठून एक कावळा आला, फडक्यावर बसला आन् दोन्ही पाय त्याच्यात बुडवून डोळे मिटले. म्हटलं, ऊठ ना बाप्पा, मानेले कळ लागून रायली. तं म्हने, 'काका, सारा अकोला भाजून रायला, एवढीच जागा ओली हाय. बसू द्या.'"

"कावळा मराठीत बोलला का इंग्रजीत?" शेजारच्या खुर्चीतून बेबीताई नागे यांनी विचारलं.

"वऱ्हाडीत! अकोल्याचा कावळा इंग्रजी कायले बोलीन?"

खोलीत हशा पिकला. दिगांबररावांच्या दंडातली सुई हलू नये म्हणून सिस्टरनी त्यांचा हात धरून ठेवला आणि स्वतः मात्र हसून घेतलं. यंत्र त्यांचं रक्त ओढत होतं, लाल भाग वेगळा काढून परत शिरेत सोडत होतं, आणि वर टांगलेल्या पिशवीत वाळल्या गवताच्या रंगाचं पातळ द्रव थेंबाथेंबानं साठत होतं.

आता खरं सांगायचं तर या गोष्टीतलं कावळ्याचं बोलणं एक वेळ मान्य करता येईल. वऱ्हाडातले कावळे काय बोलतील याचा नेम नाही. पण दिगांबरराव भर दुपारी अंगणात उभे होते, हे मात्र साफ खोटं होतं.

आणि त्या पिशवीवर काचेपलीकडच्या पेटीत ठेवलेल्या, तळहातात मावेल एवढ्या त्यांच्या नातीची हाडं अवलंबून होती.

*

ही गोष्ट घडली त्या वर्षांत अकोल्याची दुपार बंद झालेली होती. उन्हाळा लागला की सकाळी उशिरा एक भोंगा व्हायचा, दुकानांची शटरं खाली यायची, रस्ते मोकळे व्हायचे, आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत बाहेर दिसायची ती फक्त गुरं आणि ज्यांना परवाना आहे ती माणसं. लोक पहाटे भाजी आणत, संध्याकाळी लग्नं लावत. माणसं जगली खरी, पण त्यातून एक उलटंच संकट उभं राहिलं. देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावात राहून माणसांच्या अंगाला ऊन लागेनासं झालं. पोटुशी बाई तर नऊ महिने पडद्याआड. तिच्याच रक्तात डी जीवनसत्त्वाचा खडखडाट, तर ती पोटातल्याला देणार काय?

पूर्ण दिवसांच्या बाळाचं कसंबसं निभायचं. खरी आबाळ व्हायची ती घाईनं आलेल्यांची. आई लेकराला शेवटच्या तीन महिन्यांत शिदोरी बांधून देते. हाडांसाठी चुना, स्फुरद, आणि हे दोन्ही आतड्यातून उचलून हाडापर्यंत पोचवणारं डी. सातव्या महिन्यातच जो निघाला तो शिदोरी बांधायच्या आधीच वाटेला लागला. आईच्या दुधातही डी बेताचंच असतं. थेंब पाजावेत तर ते तेलकट, दूध भरवायच्या बारीक नळीलाच निम्मे चिकटून बसतात. पेटीतल्या निळ्या दिव्याखाली लेकरू ठेवलेलं पाहून पुष्कळ आज्यांना वाटे, हे ऊनच चाललंय की. पण तो दिवा काविळीचा. त्याच्यात उन्हाचा तो गुण नाही.

याहून मोठी अडचण पुढंच होती. डी रक्तात एकटं फिरत नाही. त्याला डोलीत बसवून नेणारं एक प्रथिन असतं. डॉक्टर त्याला वाहक म्हणत, आणि दवाखान्यातली माणसं सरळ भोई म्हणत. अपुऱ्या दिवसांच्या लेकराकडे भोईच थोडे. डी दिलं तरी वाहायला कुणी नाही, मग ते आलं तसं वाहून जायचं. तेव्हा कुणीतरी शोधून काढलं की जवळच्या नात्यातल्या, भोयांचा मेळ जुळणाऱ्या माणसानं रोज उन्हात उभं राहावं, आणि त्याच्या रक्तातलं द्रव बाळाला द्यावं. डी आणि भोई, दोन्ही एकदमच. त्या माणसानं गोळ्या घेऊन चालत नसे. गोळीतलं डी यकृताच्या दारातच डोलीतून उतरतं, कातडीत उन्हानं घडलेलं मात्र डोली लवकर सोडत नाही. दिव्याखाली उभं करूनही पाहिलं होतं. पण दिव्याला थांबायचं कळत नाही. ऊन जे घडवतं त्यातलं जादा झालेलं स्वतःच मोडून टाकतं, दिवे नुसते घडवत सुटतात. शेवटी ऊन ते ऊनच.

अशा उभं राहणाऱ्या माणसांना गावात 'ऊनकरी' असं नाव पडलं होतं.

दिगांबररावांची मुलगी रेवती सातव्या महिन्यात बाळंत झाली. जावयाचं रक्त तपासलं, मेळ बसला नाही. रेवती स्वतः अशक्त, तिच्यातून काढायचं काय? रेवतीची आई तर कधीच गेलेली. उरले दिगांबरराव. त्यांचे भोई नातीच्या भोयांशी तंतोतंत जुळले तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं की सरकारनं त्यांना सूर्याचा जावई नेमलं आहे.

*

पहिल्या दुपारी ते खरोखरच बाहेर पडले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मनगटावर दवाखान्यानं दिलेला बिल्ला होता. तो ऊन किती लागलं ते मोजे, नाडी मोजे, अंगाचा ताप मोजे, आणि सगळं जागच्या जागी डॉक्टरांना कळवे. नियम साधा होता. भर दुपारी पाठ आणि दंड उघडे टाकून अर्धा तास उभं राहायचं, डोकं ओल्या फडक्यानं झाकायचं, चक्कर आली तर आत यायचं. दिगांबररावांनी दाराची कडी काढली आणि हात झटकला, कडी विस्तव झाली होती. अंगणात पाय ठेवला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आवाज नव्हता. उन्हालाच एक आवाज असतो, दूरवर कुणी पत्रा घासत असल्यासारखा, तो तेवढा होता. पाठीवर कुणी गरम तवा टेकवला असं वाटलं. मग कानात शिट्टी वाजायला लागली, छाती धडधडली, आणि अंगणाच्या मधोमधसुद्धा न पोचता ते मागं फिरून उंबरठ्यावर मटकन बसले.

जन्मभर ज्यांनी वाघाला बिडी पाजल्याच्या आणि पुरातून रेडा खांद्यावर आणल्याच्या गोष्टी सांगितल्या, ते दिगांबरराव दुपारच्या उन्हाला भ्याले. हे कुणाला सांगणार?

मग त्यांना आईचं बोलणं आठवलं. आई म्हणायची, कोवळं ऊन लेकराचं, चढतं ऊन ढोराचं. साऱ्या भावंडांना तिनं सकाळच्या कोवळ्या उन्हात तेल लावून लोळवलं होतं. एकाचंही हाड वाकडं नव्हतं. दवाखान्यातल्या पोरींना काय माहीत! ऊन द्यायचं तर कोवळं द्यावं, मऊ, दुधासारखं. हे दुपारचं जाळणारं ऊन एवढ्याशा जिवाला कसं पचेल?

तेव्हापासून सूर्य वर डोकावला की दिगांबरराव उघड्या अंगानं अंगणात उभे राहत. पूर्वेकडे तोंड करत, मग पाठ करत, मग कुशी देत, भाकर शेकावी तसे सगळ्या बाजूंनी. एक दिवस चुकवला नाही. "घे बाई पाहुने, तुह्यासाठीच हाय हे," असं पुटपुटत. नातीला ते पाहुणी म्हणत, वेळेआधी आलेली.

पण बिल्ल्याला दुपार हवी होती. पहिल्यांदा त्यांनी तो दोरीवर वाळत घातला, तर बिल्ला किंचाळला की नाडी सापडत नाही. तेव्हा त्यांची नजर कुंपणाशी उभ्या असलेल्या बकरीवर गेली. तिचं नाव कलेक्टरीण. गल्लीतल्या प्रत्येक दारात मान घालून पाहणी केल्याशिवाय ती पुढं जात नसे म्हणून. बकरीची नाडी माणसाच्या नाडीच्या आसपासच चालते, हे दिगांबररावांना ठाऊक नव्हतं. नशीब त्यांना सामील होतं, एवढंच. त्यांनी तिच्या मानेवरचे केस भादरले, तिथं बिल्ला बांधला, आणि खुंटीची दोरी उन्हात लांबवली.

लबाडी केली ती बिल्ल्याशी, नातीशी नाही, असं त्यांचं मन त्यांना सांगे. पण मन त्यांचंच. तेही थापाडंच होतं.

*

"आजोबा, तुम्हाला दुपारी थोडी कणकण वाटते का?" डॉ. फरहीन मिर्झांनी एकदा विचारलं होतं. नवजात बाळांचा तो कक्ष त्यांच्या हाताखाली होता. "बिल्ला रोज जरासा ताप दाखवतो."

"माहं रक्तच गरम हाय मॅडम. आमच्या घरान्यात समदे तसेच."

"आणि काल मध्येच नाडी एकदम दुप्पट झाली. काय करत होतात?"

काल कलेक्टरीण कुंपणावर चढली होती.

"भजन," दिगांबरराव म्हणाले. "भजनात मी जरा उडतो."

डॉक्टर हसल्या, पण कपाळावरची आठी गेली नाही. पिशव्या जात होत्या, बाळाचं डी मात्र जागचं हलत नव्हतं. दिगांबररावांच्या स्वतःच्या रक्तातही ते जवळपास नव्हतंच. "एवढं ऊन घेऊनही?" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुन्हा तपासणीला रक्त पाठवलं.

रेवती दिवसभर बाळ उघड्या छातीशी बांधून बसलेली असे. वर पातळ झोळी, झोळीतून एवढंसं डोकं बाहेर. बाप आला की ती खुर्चीवर सरकून जागा करून देई. थकलेली असली तरी तिचा एक प्रश्न ठरलेला. "उभे राह्यले ना बाबा आज?"

"राह्यलो ना. पाठीवर पापड भाजून झाले."

हे ऐकून तिला जरा धीर यायचा. तिनं दुसऱ्या कुणावर टेकावं असं कुणी नव्हतं. सासूबाई फोनवर रोज विचारत, मुलगी वाढतेय ना, आणि शेवटी म्हणत, आमच्याकडे बाई सगळ्यांची हाडं दणकट. नवरा दूरच्या बंदरावर कामाला, तो नुसता "डॉक्टर म्हणतात तसं कर" म्हणायचा. बापाचं थापाडेपण रेवतीला पाळण्यापासून माहीत होतं. पण थाप ही गप्पांत मारायची गोष्ट. नातीच्या जिवावर कुणी थाप मारतं का?

*

मग एका सकाळी वजन करायला सिस्टरनी बाळाला उचललं. नेहमीसारखंच, दोन्ही तळव्यांवर. बाळ मांजरीच्या पिलासारखं एकदाच ओरडलं आणि गप्प झालं. क्ष-किरणांच्या चित्रात फासळ्या दिसत होत्या त्या शिसपेन्सिलनं काढून खोडरबरानं पुसल्यासारख्या. त्यातली एक मधोमध तुटली होती.

डॉक्टरांनी रेवतीला आणि दिगांबररावांना समोर बसवलं. बेबीताई आपल्या बहिणीच्या नातवासाठी द्रव द्यायला आल्या होत्या, त्याही दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"रेवतीताई, नीट ऐका," डॉ. मिर्झा म्हणाल्या. "आजोबांनी काही कमी ठेवलेली नाही. बिल्ला सांगतो, रोज दुपारी पूर्ण अर्धा तास. एवढ्या उन्हात कुणाच्याही रक्तात डी वाढायला हवं. त्यांच्यात वाढलं नाही. तुमच्यात नाही, बाळात नाही. याचा अर्थ एकच दिसतो. कातडीत तयार झालेलं डी यकृतात एकदा घडवावं लागतं, तेव्हा ते कामाचं होतं. तुमच्या घराण्यात यकृताला ते जमत नसावं. असा दोष पिढीतून पिढीत उतरतो. क्वचितच, पण उतरतो."

"म्हणजे माह्या रक्तातून तिले गेला?" रेवतीनं विचारलं.

"तुमचा दोष नाही त्यात."

"हो, पन गेला माह्यातूनच."

डॉक्टरांनी क्ष-किरणांचं चित्र बाजूला ठेवलं. "जनुकांचा अहवाल यायला अजून वेळ आहे, आणि फासळ्या थांबणार नाहीत. म्हणून यकृताला वगळून, तयार घडवलेलं डी मी सुईनं देणार आहे. ते कडक असतं. तुम्हाला सांगायलाच हवं, या वयात त्यानं रक्तात चुना चढतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. बसला की निघत नाही. यकृत धड असतं, नुसतं ऊन कमी पडलं असतं, तर मी हे औषध हातातसुद्धा घेतलं नसतं. पण ऊन तर कमी पडलेलं नाही."

दिगांबररावांनी मान पुढं केली. "मॅडम, एक इचारू? सकाळचं ऊन... कोवळं... ते घेतलं तं?"

"सगळे हेच विचारतात. कोवळं ऊन बरं वाटतं, ऊबही असते. पण सकाळचा सूर्य तिरपा. किरणांना हवेतून लांबची वाट तुडवावी लागते, आणि ज्या किरणांनी डी घडतं नेमके तेच वाटेत गळतात. आपल्या अंगावर पडतो तो नुसता उजेड. जन्मभर कोवळ्या उन्हात बसलात तरी रक्तात काही उतरायचं नाही."

नुसता उजेड. रोज सकाळी सगळ्या बाजूंनी शेकून पाहुणीला त्यांनी नुसता उजेड पाठवला होता. पिशव्या भरभरून. आणि त्या उजेडावरून ही बाई आता लेकराच्या मूत्रपिंडात चुना भरणार होती.

रेवती झोळीतल्या डोक्यावर गाल टेकवून म्हणत होती, "मीच काही देल्लं नाही तिले. रक्तातच खोट असल्यावर काय देनार?"

दिगांबरराव उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमचा विश्वास बसनार नाही, पन..."

शब्द तोंडातून निसटला आणि त्यांना कळलं की घात झाला. सिस्टरच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतंच.

"...पन तो बिल्ला माह्या बकरीच्या गळ्यात होता. मी दुपारी उभाच राह्यलो नाही. बकरी राह्यली."

सिस्टरनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. मग बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "अगा माय! आधी कावळा बोलला, आता बकरी ऊनकरी झाली! अवं दिगांबरभाऊ, येळ काय, काळ काय!"

"खरं सांगून रायलो!"

"कावळ्याच्या टाइमालेबी खरंच सांगत होते."

"बाबा," रेवती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "आज नका ना. बाकी कधीबी सांगा. आज नका."

डॉक्टर मिर्झांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "मुलीनं स्वतःला दोष देऊ नये म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. कळतं मला. माझे अब्बाही असेच होते. पण औषध बकरीच्या गोष्टीवर ठरवता येत नाही, आजोबा."

"मंग घरी चला. मानेवरचे केस भादरेल हायेत तिच्या. दाखवतो."

उत्तर भोंग्यानं दिलं. बाहेर दुपार बंद झाली. दवाखान्याची लोखंडी दारं सरकत मिटली, ती आता संध्याकाळीच उघडायची. दिगांबररावांनी शेजारच्या वामनला फोन लावला, बकरीचा फोटो काढून धाड म्हणाले. वामन म्हणाला, भर उनात कुंपनाजवळ जायले मी येडा हाओ का काका, आन् बकरीचा दाखला कायले पायजे, इलेक्शनले उभी करता का तिले? आणि हसत हसत फोन ठेवला. आयुष्यभर ज्याला हसवलं त्यानं आणखी काय करायचं!

पलीकडे सिस्टरनी थंड पेटीतून एक लहानशी कुपी काढली होती. एकदा बाहेर काढली की लगेच द्यावी लागते, असं त्या डॉक्टरांना आठवण करून देत होत्या.

*

दिगांबरराव रेवतीच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. समोर बाळाच्या पायाला लावलेली बारीक नळी होती. ती नळी डॉक्टर कापसानं पुसत होत्या, संथपणे, जसं चांगलं काम करणारी माणसं करतात. म्हाताऱ्याला वाटलं, उठावं आणि कुपी फोडावी. पण येड्या म्हाताऱ्याला दोघं धरून बाहेर नेतील आणि दुसरी कुपी आणतील. खरं सांगून झालं होतं. खऱ्याला इथं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांच्या तोंडून लोक एकच गोष्ट ऐकत आले होते, थाप, आणि तीच आता त्यांच्यापाशी उरली होती.

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ओठ आवळले, नेहमीची सुरुवात गिळून टाकली.

"बेबीताई, मी दुपारी कसा उभा राहत होतो ते ऐका. बकरीचं सोडा. मी मजाक केली."

"बोला," बेबीताई कंटाळून म्हणाल्या. रडत्या घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं, एवढाच त्यांचा हेतू.

"बाराचा ठोका पडला. मी आंगनात. पाठ उघडी. पूर्वेकडे तोंड करून उभा. सूर्य असा समोर, डोयात जाऊन रायला."

कुणी मान वर केली नाही. डॉक्टरांनी कुपीचं झाकण उडवलं.

"आन् माही सावली!" दिगांबररावांनी आवाज चढवला. "काय सावली होती! पाठीमागून निघाली ते फाटकापर्यंत. फाटकाच्या सळयांतून गेली, डांबरी रस्ता ओलांडला तिनं."

"हं," बेबीताई म्हणाल्या.

सुईत औषध चढत होतं. जन्मात पहिल्यांदा दिगांबररावांना वाटलं, आपली गोष्ट फसत आहे. ऐकणारे झोपले आहेत. एवढी ढळढळीत थाप, आणि तिला हात घालणारा कुणी नाही. लोकांना त्यांनी एवढं सरावून ठेवलं होतं की खोटं ऐकून त्यांचे कानही हलत नव्हते.

"रस्ता ओलांडून वामनच्या भिंतीवर चढली," ते जवळजवळ ओरडले. "तिथून पान्याच्या टाकीवर! भर बारा वाजता! माह्या सावलीत वामनचं सारं घर बसलं होतं, रेवती, सारं घर!"

सिस्टरनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. डॉक्टरांनी सुई वर धरून टिचकी मारली, बुडबुडा काढला, आणि त्या नळीकडे वाकल्या.

रेवतीनं डोळे उघडले.

"किती वाजताची गोष्ट हाय, बाबा?"

"बाराची."

"सूर्य समोर?"

"समोर. डोयात."

"आन् सावली टाकीपर्यंत."

"टाकीपर्यंत," दिगांबरराव म्हणाले. त्यांनी मुलीकडे पाहिलं ते तिनं आजवर कधी न पाहिलेल्या नजरेनं. गोष्ट सांगणाऱ्याची ती नजर नव्हती, पाण्यात बुडणाऱ्याची होती.

रेवती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर त्यांच्या डोक्यावरून डॉक्टरांच्या हाताकडे गेली, आणि झोळी दोन्ही हातांनी आवळून धरत ती अशी ओरडली की पेट्यांतली सगळी लेकरं एकदम दचकली:

"डॉक्टर, थांबा! बाराची सावली पायाखाली राहते. ही सकाळची हाय. खोटं बोलून रायले हे! हे दुपारच्या उन्हात उभे राह्यलेच नाहीत, एकबी दिवस नाही!"